चिंध्यांची गंगी

बाहुली कशी करायची यावर पंधरा मिनिटं बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं खरं. पण घरी येऊन कागद पुढे घेतला आणि वाटलं, हाच प्रश्न आमच्या आजीला विचारला असता तर तिनं तीन शब्दांत उत्तर दिलं असतं. चिंध्या घ्या, गुंडाळा, बांधा. झाली बाहुली! एवढं साधं उत्तर कळायला मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, आणि त्याआधी एक बाहुली जाळावी लागली. ती हकीकत पुढे येईलच.

बाहुलीचं नाव गंगी. ती माझी नव्हे, माझ्या ताईची. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तेव्हा आम्ही मिरजेला राहत होतो. तिथं कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरातल्या बायकांची लुगडी इरकली आणि चोळ्या गुळेदगुडच्या खणाच्या. लुगडं विरलं की त्याचं आधी दुपटं व्हायचं, मग पायपुसणं, मग पोतेरं. या उतरंडीत कुठंतरी मधेच आजीनं हात घालून थोडं कापड बाजूला काढलं आणि ताईसाठी गंगी केली. हातभर लांब, अंगानं जड, मान थोडी लुळी. डोळे काळ्या दोऱ्याचे, कुंकू लाल दोऱ्याचं. नाक नव्हतंच. आजी म्हणायची, नाक कशाला, सर्दी व्हायला?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी गंगी असणार. ठकी म्हणा, चिंगी म्हणा. पण या चिंध्यांच्या बाहुलीचं कूळ फार जुनं आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. महाभारतातल्या विराटपर्वात एक गंमत आहे. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या, तेव्हा राजपुत्र उत्तर लढायला निघाला आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याचा सारथी झाला. निघताना राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी बृहन्नडेला काय सांगतात? येताना कौरवांची तलम, रंगीत वस्त्रं आण, आमच्या बाहुल्यांसाठी! आणि अर्जुन ते विसरत नाही. संमोहन अस्त्रानं सगळी सेना निपचित पडल्यावर तो उत्तराला खाली उतरून द्रोण-कृपांची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रं काढून आणायला सांगतो. भीष्मांच्या जवळ जाऊ नकोस, त्यांना या अस्त्राचा उतारा ठाऊक आहे, असंही बजावतो. एवढ्या मोठ्या युद्धाची लूट काय, तर बाहुल्यांच्या कपड्यांसाठी चिंध्या! वात्स्यायनानंही सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती यांच्या बाहुल्या सांगितल्या आहेत, आणि त्यांना शब्द वापरला आहे ‘दुहितृका’. दुहिता म्हणजे लेक, दुहितृका म्हणजे छोटीशी लेक.

मातीच्या आणि हाडाच्या बाहुल्या उत्खननात सापडतात, कापडाच्या सापडत नाहीत, कारण कापड कुजतं. अपवाद इजिप्तचा. तिथल्या कोरड्या वाळूत रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली टिकून राहिली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वरचं कापड जाडंभरडं, तागासारख्या धाग्याचं, आणि आत चिंध्या व पपायरसचे तुकडे कोंबलेले. तिचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजीचाच हात दिसला.

आता हकीकत. १९५९ सालच्या मे महिन्यात आमच्या वाड्यात बाहुला-बाहुलीचं लग्न लागलं. गंगी नवरी आणि माझा लाकडी बाहुला नवरा. सावंतवाडीहून कुणीतरी आणलेला, लाखेच्या रंगाचा, चांगला ऐटबाज होता. मांडव घातला, आंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, चुरमुरे आणि गूळ-खोबऱ्याची पंगत उठली. रिवाजाप्रमाणे नवरी आता माझ्याकडे नांदायला यायची. ताईनं साफ नकार दिला. गंगी कुठंही जाणार नाही, म्हणाली. मी वरमाय, माझा सगळ्यांदेखत अपमान! वय वर्षं सात. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी बंबात गोवऱ्या घालून देवपूजेला गेली, तेव्हा मी गंगीला आत सारलं. जाड कापडाचा कोंदट धूर झाला, मग आतून फट्, फट्, फट् असे आवाज आले आणि मी घाबरून पळाले. ताईनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. बोहारणीनं जुन्या कपड्यांबरोबर नेली असेल, असं मीच सुचवलं. पुढं ती बाई आली की ताई तिच्याशी बोलायची नाही. आणि मी गप्प राहिले. एकसष्ट वर्षं.

२०१९ पासून ताईला गोष्टी आठवेनाशा झाल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं निदान केलं. २०२०ची टाळेबंदी लागली तेव्हा ती पुण्यात माझ्याकडेच होती. दिवसभर कपाटं उघडायची, पलंगाखाली वाकून बघायची. काय शोधतेस, म्हटलं तर म्हणायची, “गंगीला कुठं ठेवलंय आईनं?” नातवंडांची नावं गेली होती, पण गंगी शाबूत होती. तेव्हा मी ठरवलं, गंगी पुन्हा करायची. दुकानं बंद होती, पण मला दुकानातलं काही नकोच होतं. शिवणाचं मशीन होतं, मी आयुष्यभर घरचं शिवण केलेलं. कितीसं अवघड असणार?

पहिली बाहुली मी शहाण्यासारखी केली, म्हणजे कागदावर आकार काढून. तिच्यात काय काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमचं कापड वाया जाणार नाही.

मांजरपाटाच्या दुहेरी घडीवर बाहुलीचा आकार काढायचा, कडेनं पाव इंच माया ठेवून कापायचं, उलट्या बाजूनं शिवायचं, एका कुशीला तीन बोटं जागा उघडी ठेवून तिथून सुलटं करायचं आणि कापूस भरायचा. (शिवणात या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात, हे मला फार आवडतं.) माझी पहिली चूक कापड वाचवण्याच्या नादात झाली. एक पाय सरळ धाग्यात कापला आणि दुसरा तिरका, म्हणजे उरेब. कापडाला उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. त्या दोन दिशांना ते फारसं ताणत नाही, पण तिरकं ओढलं की चौकटीच कलतात आणि कापड लांबतं. कापूस दाबून भरला तसा उरेबातला पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला. गळपट्टीला उरेब हवाच, पण बाहुलीच्या हातापायांना तो शत्रू. दुसरी चूक मानेपाशी. शिवण जिथं आत वळते तिथं, टीप न तुटेल इतपत, मायेत कात्रीनं छोटे काप द्यायचे असतात. ते दिले नाहीत तर सुलटं केल्यावर तिथं चुण्या पडतात. माझ्या बाहुलीची मान म्हाताऱ्या माणसासारखी दिसू लागली.

मान हा तर सगळ्या कापडी बाहुल्यांचा जुना रोग. डोकं मोठं आणि जड, मान बारीक. शिवाय खेळणारं पोर नेमकं मानेलाच धरतं. आतला कापूस हळूहळू वर डोक्यात आणि खाली छातीत सरकतो, मधे रिकामी पिशवी उरते आणि डोकं लोंबतं. उपाय असा, की मोठे गोळे न भरता लिंबाएवढे बोळे घ्यायचे, पेन्सिलीच्या बोथट टोकानं ते एकात एक रुतवायचे आणि मानेत तर दगडासारखा घट्ट कापूस भरायचा. कुणी आत काडी घालतात. मी ती घालत नाही. काडी मोडते, आणि मोडली की टोचते.

चेहरा काढताना मी सर्वात जास्त वेळ घालवला. इथं एक युक्ती सांगण्याजोगी आहे. आपण डोळे नेहमी फार वर काढतो. मोठ्या माणसाचेही डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, लहान मुलाचे त्याहूनही खाली. मोठं कपाळ, खाली आणि लांब लांब असलेले डोळे, गुबरे गाल दिसले की आपल्याला ते जवळ घ्यावंसं वाटतं, हे कोनराड लोरेंत्स या प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ साली मांडलं होतं. पेन्सिलीनं दोन ठिपके द्या आणि ते अर्धा इंच खाली सरकवून बघा. तीच बाहुली एकदम लेकरू होते. डोळ्यांना गाठीचा टाका, ओठांना साखळी टाका. ओठ मात्र हसरे करू नका. सतत हसणारी बाहुली रडणाऱ्या मुलाच्या काय कामाची?

तर ही पहिली गंगी डोळे खाली, कपाळ मोठं, दोन्ही पाय सारखे (नवा पाय शिवला) अशी तयार झाली. शेजारणींनी वाहवा केली. ताईनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “छान आहे हो. कुणाची आहे? देऊन टाक, रडत असेल ती.”

त्या दिवसांत मी बाहुल्यांविषयी मिळेल ते वाचत होते. त्यात कॅथे क्रूसे या जर्मन बाईची गोष्ट भेटली. ती नटी होती. १९०५ साली तिच्या मुलीला बाहुली हवी होती. तिचा जोडीदार माक्स क्रूसे शिल्पकार, त्याला दुकानातल्या चिनी मातीच्या थंडगार बाहुल्या बघवत नसत. आणणार नाही, तूच कर, म्हणाला. तिनं एका टॉवेलात वाळू भरली, चार कोपऱ्यांना गाठी मारून हातपाय केले, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि जळक्या काडीनं त्यावर नाकडोळे काढले. बटाटा सुकला, वाळू गळाली, पण मुलगी तिला सोडेना. १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरी केलेल्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं. त्यात तिच्या बाहुल्या गाजल्या, आणि पुढं त्याचा कारखानाच झाला. तिच्या नावानं बाहुल्या आजही निघतात. पण माझं लक्ष अडकलं ते वाळूपाशी. वाळू का? तर वजनासाठी. झोपलेलं मूल कसं हातात जड लागतं, तशी ती बाहुली लागत असणार.

आणि आमची गंगीही जड होती! माझी नवी बाहुली उशीत भरतात त्या कृत्रिम कापसाची, पिसासारखी हलकी. मग आजीचे हात आठवायला बसले. तिनं आकार कापल्याचं मला आठवेना, सुई घेतलेली आठवली ती फक्त शेवटी. म्हणजे तिनं भरलीच नव्हती, गुंडाळली होती. लुगड्याच्या पट्ट्यांची एक घट्ट वळकटी उभी, दुसरी बारीक वळकटी आडवी, हातांसाठी. बुजगावण्यासारखी फुली करून मधे सुतळीनं बांधायची. डोक्यासाठी चिंध्यांचा चेंडू, त्यावरून एक चौकोनी कापड ओढून गळ्याशी दोरा करकचून गुंडाळायचा आणि कापडाचे सोगे वळकटीवर बांधून टाकायचे. वरून एक अखंड कापड धावदोऱ्यानं टाचायचं. यात मान अशी नसतेच, असते ती एक गाठ. म्हणून गंगी लुळी होती आणि म्हणूनच ती तुटली नाही. चिंध्यांच्या वळकटीत हवा उरत नाही, त्यामुळे ती कापसापेक्षा कितीतरी जड. माझ्याकडे आईचं एक इरकली लुगडं जपून ठेवलेलं होतं. त्याला कात्री लावताना दोनदा हात थांबला. पदर ठेवला, बाकी फाडलं. फाडलं म्हणते, कारण पट्ट्या कापायच्या नसतात. टोकाला काप देऊन टर्रकन फाडलं की कापड आपोआप सरळ धाग्यात येतं.

चेहऱ्याचा मात्र घोर होता. गंगीचा फोटो कुठून असणार? डोळे गोल होते की लांबट? आणि एका दुपारी ताईच म्हणाली, “दिवाळी झाली का? गंगीचं तोंड करायचंय.” मग मलाही आठवलं. दर दिवाळीला आजी गंगीचं मळकं तोंड काढून नवं कापड ओढायची आणि डोळे पुन्हा भरायची. म्हणजे गंगीला एक चेहरा नव्हताच, दरसाल नवा असायचा! महिनाभर मी ज्याच्यासाठी डोकं खाजवत होते ते अस्तित्वातच नव्हतं. गंगीची खूण चेहऱ्यात नव्हती, वजनात, पोतात आणि वासात होती. विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५१ साली लहान मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर निबंध वाचला होता. त्यात त्यानं लिहिलंय, की मळली, वास मारू लागली तरी शहाणी आई ती वस्तू धूत नाही, कारण धुतली की मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं. आमच्या आजीनं विनिकॉट वाचलेला नव्हता. तोंड बदलायचं आणि अंग धुवायचं नाही, हा तोडगा तिनं आपला आपण काढला होता.

दुसरी गंगी झाली. ताईनं ती मांडीवर घेतली, वजन जोखलं, लुगड्यावरून हात फिरवला. मग कानाशी धरून हलवली. पुन्हा हलवली. आणि खाली ठेवून म्हणाली, “ही मुकी आहे.”

मला काही कळेना. रात्री अंथरुणावर पडले आणि एकदम बंबातला तो आवाज आठवला. फट्, फट्, फट्. चिंध्या जळताना असा आवाज येत नाही. चिंचोके भाजताना येतो! आजीनं गंगीच्या डोक्यात चिंचोके घातले होते, ती हलवली की खुळखुळायची. साठ वर्षांत मी तो धूर कितीदा आठवला असेन, पण तो आवाज कशाचा याचा विचार कधी केला नव्हता. गुन्हेगाराला पुरावा नकोच असतो ना.

सकाळी फोडणीच्या चिंचेतून चिंचोके निवडले, धुऊन वाळवले. चिंचोक्यांना कीड लागते, म्हणून तव्यावर थोडे भाजूनही घेतले, उडायला लागायच्या आत उतरवले. वीस-पंचवीस चिंचोके एका लहानशा पिशवीत सैल बांधायचे, घट्ट बांधले तर वाजत नाहीत. ती पिशवी चेंडूच्या मधोमध. संध्याकाळी गंगी ताईच्या हातात दिली. तिनं कानाशी हलवली. ऐकलं. पदराखाली घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हिला बंबापाशी नेऊ नकोस हं.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिला तेव्हापासून ठाऊक होतं, की त्या आजारानं काहीतरी कशाशीतरी जोडलं, हे मी तिला विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. पण गॅसपाशी उभं राहून, भाजीला म्हणावं तसं, मोठ्यानं कबूल मात्र केलं.

आजारी वृद्धांच्या हाती बाहुली देणं बरं की वाईट, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. काही देशांतल्या वृद्धाश्रमांत ती मुद्दाम देतात, तिनं अस्वस्थता कमी होते असा अनुभव सांगतात. आपण म्हाताऱ्या माणसाला पोर करतो आहोत, असा आक्षेपही आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही. मी एवढंच सांगते, की बाहुली कुणाच्या हातात कोंबू नये. समोर ठेवावी. घ्यायची तर तो माणूस घेईल. आमच्याकडे कपाटं उघडणं थांबलं. रात्रीची झोप मात्र तशीच तुटक राहिली, बाहुली म्हणजे काही औषध नव्हे. ताई २०२२ साली गेली.

त्यानंतर शेजारच्या एका बाईंनी त्यांच्या आईची सुती साडी आणून दिली, याची एक करून द्याल का म्हणाल्या. मग त्यांच्या बहिणीनं आणली. आतापर्यंत चौतीस झाल्या. पैसे घेत नाही, पण अट एक आहे, साडी सुती आणि वापरून मऊ झालेली हवी. नायलॉनची वळकटी सुटते आणि रेशीम घसरतं. एका साडीत हातभर लांबीच्या दोन बाहुल्या होतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मी चिंचोके घालत नाही, मणी-बटणंही लावत नाही. मुलं टाका उसवून तोंडात घालतात. अशांसाठी मुकीच करते, आणि मूल मोठं झालं की तोंड बदलायला घेऊन या म्हणते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिघी-चौघी येतात. जुनं तोंड उसवायचं, चेंडू हाताळून सैल झाला असेल तर वरून एक पट्टी गुंडाळायची, चिंचोक्यांची पिशवी सरकवायची, नवं कापड ओढायचं आणि दोरा बांधायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. डोळे ज्याचे त्यानं भरायचे.